अरुण गवळी : दगडी चाळ ते विधानसभा, व्हाया तुरुंग

नागपूर मध्यवर्ती कारागृहातून ३ सप्टेंबर २०२५ रोजी अरुण गवळी बाहेर आला. सतरा वर्षं तो आत होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. जन्मठेप रद्द केलेली नाही. पण टोळीचा म्होरक्या आमदार झालाच कसा?

गिरणगावातली सुरुवात

१९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, गिरण्यांची धुरांडी थंडावली, तरणी पोरं घरी बसली. भायखळ्यात रामा नाईक, बाबू रेशीम आणि गवळी यांच्या टोळीला त्यातून माणसं मिळत गेली. १९८७मध्ये रेशीम, १९८८मध्ये नाईक मारला गेला आणि सूत्रं गवळीकडे आली. नाईकच्या मृत्यूमागे दाऊदचा हात असल्याच्या संशयातून टोळीयुद्ध पेटलं. १९९२मध्ये दाऊदच्या मेहुण्याचा खून झाला. त्याचा बदला म्हणून जे. जे. रुग्णालयात झालेल्या गोळीबारात दोन पोलिसांचाही जीव गेला.

दाऊदविरोधाचं भांडवल

दाऊदचा शत्रू म्हणून काहींना गवळी ‘आपला’ वाटू लागला. बाळासाहेब ठाकरे यांनीही एकेकाळी जाहीरपणे त्याची पाठराखण केली होती. पुढे बिनसलं. १९९७मध्ये गवळीने अखिल भारतीय सेना काढली आणि २००४मध्ये चिंचपोकळीतून निवडून आला. दगडी चाळीत लोक तक्रारी घेऊन जात, तिथे निवाडा पटकन होई. पण त्या निवाड्यामागे कायदा नव्हता, दहशत होती.

मोक्काने काय साधलं?

सूत्रधार सहसा सुटतो, कारण गोळी झाडताना तो तिथे नसतो. हीच पळवाट बंद करण्यासाठी महाराष्ट्राने १९९९मध्ये मोक्का आणला. त्यात टोळीसाठी केलेल्या गुन्ह्यात कट रचणारा, मदत करणाराही अडकतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. कर्नाटक आणि गुजरातनेही पुढे याच धर्तीवर कायदे केले.

मार्च २००७मध्ये शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांची त्यांच्या घरात हत्या झाली. जमिनीच्या वादातून ३० लाखांची सुपारी दिली गेली, असा सरकार पक्षाचा आरोप होता. गवळी तेव्हा आमदार होता. २०१२मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, २०१९मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली.

जामसांडेकरही लोकांनीच निवडून दिलेले होते. गवळीची सुटका ढोलताशांत साजरी करताना एवढं तरी आठवायला हवं.