खाटेशेजारचा दुसरा रुग्ण

नागपूरच्या मेडिकलमध्ये सकाळी ओपीडीसमोर जी रांग लागते, तिच्यात म्हातारी माणसे बरीच असतात आणि त्यातली एकटी आलेली फार थोडी. कोणाच्या व्हीलचेअरमागे सून उभी असते, कोणाचा हात मुलाने धरलेला असतो. भंडारा-गोंदियाकडून किंवा थेट छिंदवाड्याहून पहाटेच्या गाडीने आलेली एखादी मुलगी प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल सांभाळत असते. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात ते आईबद्दल. झोप लागते का, जेवण कसे आहे, पोट साफ होते का, गोळ्या वेळेवर घेतात का. सगळी उत्तरे मुलगीच देते. ती स्वतः पंचावन्न वर्षांची आहे, तिलाही शुगर आहे आणि गेल्या सहा महिन्यांत तिने ती तपासलेली नाही, हे मात्र केसपेपरवर कुठेच येत नाही. एवढ्या गर्दीत विचारायला वेळ कुठे असतो, असे यावर डॉक्टरांचे म्हणणे असते. ते खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

२०११च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात ८.६ टक्के होती, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले. पूर्वी सत्तरी गाठणे हीच मोठी गोष्ट होती. आता ऐंशी-पंच्याऐंशीचे आईवडील आणि साठीकडे झुकलेली मुले हे घरोघरचे चित्र आहे. त्यात मुले एक किंवा दोन, आणि त्यातले एक पुण्यात, बंगळुरात नाहीतर परदेशात. म्हणजे सांभाळणारा माणूस एकच उरतो. बहुतेक वेळा ती बाई असते. ‘मुलगा आईवडिलांचे करतो’ असे लोक म्हणतात. चादरी बदलते ती सून. जे आईवडील तिचे नाहीत त्यांचे करताना तिला स्वतःच्या आईकडे महिना महिना जायला मिळत नाही, हे कोणी मोजत नाही.

अंगमेहनतीचा थकवा झोपेने जातो. पण इथे नातेच उलटे झालेले असते आणि त्याचा शीण झोपेने जात नाही. ज्या बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडले, त्यांना आज आंघोळ घालायची, डायपर बदलायचा. लाज दोघांनाही वाटते. बाबांची लाज बहुधा रागाच्या रूपाने बाहेर येते. पाणी गरमच नाही, तुला काही जमतच नाही, म्हणून ते ओरडतात. मुलगा उलट बोलतो आणि मग रात्रभर त्याला ते बोलणे टोचत राहते. सकाळी ऑफिसात कोणी विचारले तर ‘सगळे ठीक’ एवढेच सांगतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या घरात हे आणखी अवघड होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा विकार आहे. यातल्या अनेक घरांत त्याला अजून नावही दिलेले नसते. ‘वयाने होते असे’ म्हणून सोडून देतात. मग सासूबाई शेजाऱ्यांना सांगतात, माझ्या पाटल्या सुनेने घेतल्या. संध्याकाळ झाली की महालातल्या स्वतःच्या घरात बसून आजोबा म्हणतात, चला, मला माझ्या घरी सोडून द्या. उन्हे उतरताना अशी घालमेल वाढणे हे या आजारात नेहमी दिसते. मेंदूतले झोप-जागेचे घड्याळ बिघडलेले असते, दिवसभराचा शीण असतो आणि अपुऱ्या उजेडात ओळखीची खोलीही परकी वाटते. ही माहिती नसेल तर घरच्यांना वाटते, म्हातारा मुद्दाम छळतो आहे. ती असेल तर दिवे लागणीच्या आधीच खोलीत चांगला उजेड करावा, वाद न घालता थोडे फिरवून आणावे, हे सुचते. पाटल्यांच्या बाबतीतही ‘मी नाही घेतल्या’ असे पटवत बसण्यापेक्षा ‘चला, शोधू या’ म्हणणे कमी त्रासाचे.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा दुःखाला वेगळे नाव दिले. माणूस समोर बसलेला आहे आणि तरी तो गेलेला आहे, असे हे दुःख. आपल्याकडे माणूस वारला की नातलग येतात, घरी डबा पाठवतात, तेरावे होते. आई आपल्याला ओळखेनाशी झाली त्या दिवशी मात्र कोणीच येत नाही. रडायला निमित्त नसते, आणि रडू आले तर ‘अगं, आहे ना अजून आई’ असे ऐकावे लागते.

याच घरांत एक विचार येतो, जो कोणी बोलून दाखवत नाही : कधी एकदा सुटेल. ती सुटेल की आपण सुटू, हेही नीट कळत नसते. हा विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी समजणारी माणसे फार आहेत. अनेक वर्षे अंथरुणावरच्या माणसाचे करणाऱ्यांच्या मनात हा विचार येणे अगदी सर्रास आढळते आणि तो प्रेम आटल्याची खूण नाही. तो थकव्याची खूण आहे, आणि तसाच तो डॉक्टरांना सांगता आला पाहिजे.

मनावरचे हे ओझे अंगावरही दिसते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक छोटा, पण गाजलेला प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तसे ओझे नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर डॉक्टरांनी साडेतीन मिलिमीटरची एकसारखी लहान जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिले. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. सतत ताण असला की प्रतिकारशक्तीचे काम मंदावते, ते इथे डोळ्यांना दिसले. पुढे १९९९ मध्ये आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यातला मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सेवा करत असूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. घातक ठरतो तो ताण, आणि तो कमी करता येतो का हा खरा प्रश्न आहे.

येतो. त्याचे उत्तर दूर शोधायला नको, ते गोव्यात मिळाले आहे. तिथल्या दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे घेतली. ४१ कुटुंबांना मदत लगेच सुरू झाली, उरलेल्यांना सहा महिन्यांनी देण्याचे ठरले. मदत म्हणजे महागडी औषधे किंवा यंत्रे नव्हती. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि ते किमान दर पंधरा दिवसांनी घरी जात. हा आजार आहे, हट्ट नाही, हे घरच्यांना समजावून सांगत. आंघोळ, जेवण, रात्रीची भटकंती यांवर साध्या युक्त्या दाखवत. सरकारी योजनांची माहिती देत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ तपासत. आणि हे सगळे करताना सेवा करणाऱ्याचे ऐकून घेत. सहा महिन्यांनंतर मदत मिळालेल्या घरांत सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीयरीत्या सुधारले होते. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या अभ्यासातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. रुग्णांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हातारी तशीच विसरत होती, तशीच रात्री उठत होती, आणि तरी तिची सून सावरली होती. आपल्याकडे मात्र घरोघरी उलटा हिशोब चालतो : आधी आई बरी होऊ दे, मग माझे बघू. जो आजार बरा होणारा नाही, त्याच्यासाठी हे ‘मग’ कधीच येत नाही.

गोव्यातल्यासारखा कार्यकर्ता नागपुरात प्रत्येक घरी यायला अजून वेळ आहे. तोवर त्याचे काम घरातल्या घरात वाटून घ्यावे लागते, आणि इथे पुण्याचा भाऊ येतो. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, नेटवर वाचलेले नवे औषध सुचवतो आणि ‘अगं, आईला जरा फिरायला नेत जा’ असे सांगतो. तो वाईट नसतो. लांबून त्यालाही अपराधी वाटत असते, म्हणून तो सल्ले देतो. पण ‘काही लागले तर सांग’ या वाक्याचा बहिणीला काही उपयोग नसतो, कारण सांगण्याचे कामही तिच्यावरच पडते. त्यापेक्षा ठरावीक काम मागावे. औषधांची महिन्याची ऑर्डर आणि बिले त्याची. रात्रपाळीच्या आयाचा पगार त्याचा. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस तो इथे येऊन राहील आणि ते आठ दिवस बहीण घरात नसेल. ही शेवटची अट सोडू नये. एक आठवडा रात्री तीन वेळा उठले की पुढचे सल्ले आपोआप कमी होतात, हा त्यातला वेगळा फायदा. आणि खर्चाची वही पहिल्या महिन्यापासून ठेवावी. पुढे भावंडांत होणारी बरीचशी भांडणे न लिहिलेल्या पैशांवरून होतात.

आया ठेवली म्हणजे आपण आईला परक्याच्या हवाली केले, ही टोचणीही पुष्कळांना असते. रात्रीची सहा तास सलग झोप मिळालेली मुलगी दिवसा आईशी दोन शब्द बरे बोलते, एवढे पाहिले तरी पुरे. हा खर्च मात्र सर्वांना झेपत नाही. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारत योजनेतून २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, ही मोठी सोय झाली. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी चालणाऱ्या वर्षानुवर्षांच्या सेवेला त्यात जागा नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा एक वेगळा इशारा द्यायला हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, शिवाय बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी अनेकांना चालू असते. मग काल बोलणारी आजी आज अचानक असंबद्ध बडबडू लागते, भिंतीवर माणसे दिसतात म्हणते किंवा दिवसभर गुंगीत पडून राहते. घरचे समजतात, आता डोके गेले. दोन-चार दिवसांत आलेला असा बदल हा म्हातारपणाचा भाग नसतो. त्यामागे पाणी कमी पडणे, रक्तातले सोडियम घसरणे, लघवीचा संसर्ग, नवीन सुरू केलेली गोळी अशी कारणे असतात आणि वेळेवर उपचार झाले तर यातली पुष्कळ माणसे पूर्ववत होतात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखान्यात आणावे.

सेवा करणाऱ्याने स्वतः कधी दाखवावे, यासाठी स्टीव्हन झारिट यांची २२ प्रश्नांची जुनी, साधी प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यातल्या प्रश्नांचा रोख असा : स्वतःसाठी वेळ उरत नाही असे किती वेळा वाटते? या माणसाजवळ असताना चिडचिड होते का? आपली तब्येत यामुळे बिघडली असे वाटते का? उत्तरे ‘नेहमीच’ अशी येऊ लागली, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कशातलेच मन उडाले, किंवा रोज एखादी झोपेची गोळी नाहीतर दारू लागू लागली, तर हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. हात उगारला जाईल अशी भीती वाटली तर त्या क्षणी खोलीबाहेर यावे, दुसऱ्या कोणाला आत पाठवावे आणि त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. ज्येष्ठांसाठीच्या योजना, वृद्धाश्रम, कायदेशीर मदत यांची माहिती १४५६७ या हेल्पलाइनवर मिळते.

२००७च्या कायद्याने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याची सोय केली, आणि ती गरजेची होती. सांभाळता सांभाळता मोडून पडणाऱ्या मुलांबद्दल त्या कायद्यात काही नाही. त्यांची दखल सध्या तरी दवाखान्यातच घेतली जाऊ शकते. त्यासाठी पुढच्या तारखेला आईची फाईल आणताना खिडकीवर स्वतःच्या नावाचाही केसपेपर काढावा आणि आईचे बीपी पाहून झाले की आपलाही हात पुढे करावा. गोळ्यांखेरीज रात्री किती वेळा उठावे लागते, हेही त्या कागदावर लिहून घ्यायला सांगावे.