६५ विजय, पण चषक नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, मैदान आठवतं. आज मी बोलणार आहे ती हॉकी वेगळी. ती बर्फावर खेळतात. पायांत पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची कडक चकती. तिला पक म्हणतात. प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू आणि सहावा गोलरक्षक. अमेरिका आणि कॅनडातल्या या खेळाच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, नॅशनल हॉकी लीगमध्ये, ३२ संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅन्ली चषक मिळतो.

यंदा अमक्या संघाला चषकाची संधी किती, हा प्रश्न तिकडे दरवर्षी रंगतो. मी कविता लिहिणारा माणूस, गणिताशी माझी ओळख बेताचीच. पण बोस्टन ब्रुइन्स या संघाची २०२२-२३ च्या मोसमातली हकिगत वाचली आणि चक्क कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तेव्हा साखळीत प्रत्येक संघ ८२ सामने खेळत असे. विजयाला २ गुण, जादा वेळेत हरलं तर १. बोस्टननं त्या मोसमात ६५ सामने जिंकले, ५ जादा वेळेत गमावले. एकूण गुण १३५. ही स्पर्धा १९१७ पासूनची, पण एवढे विजय आणि एवढे गुण कोणत्याही संघाला मिळाले नव्हते. डेव्हिड पास्तर्नाकनं ६१ गोल केले होते. गोलरक्षक लिनस उलमार्क तर भिंतच होता. शंभर फटके आले तर जवळजवळ ९४ अडवायचा. या खेळात नव्वद-एक्क्याण्णव अडवणाराही नोकरी टिकवून असतो, म्हणजे बघा. आणि कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन आणि त्याचा जुना सोबती डेव्हिड क्रेची हे दोघे, दोघंही सदतिशीच्या आसपासचे, कमी पैशांच्या एकेका वर्षाच्या करारावर अखेरच्या प्रयत्नासाठी उतरले होते. २०११ साली बोस्टननं चषक जिंकला तेव्हाही दोघे संघात होते.

असा संघ समोर असला की कुणीही म्हणेल, चषक यांचाच. इथेच पेन्सिल कामाला येते.

साखळीनंतर १६ संघ बाद फेरीत येतात. चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. समजा, आपला संघ इतका सरस आहे की या तोडीच्या कुणाशीही दहापैकी सहा सामने जिंकेल. मग सात सामन्यांची मालिका तो शंभरातून ७१ वेळा जिंकतो. छान. पण अशा मालिका चार जिंकायच्या आहेत. असे शंभर संघ कल्पनेत उभे करा. पहिल्या फेरीनंतर ७१ उरतात, दुसरीनंतर ५०, तिसरीनंतर ३६ आणि चषक हाती येतो २५ जणांच्या. चारांत एक! दहापैकी साडेसहा सामने जिंकेल असा संघ धरला, तरी शंभरातून ४१ वेळाच. म्हणजे सर्वांत चांगला संघसुद्धा चषक मिळवण्यापेक्षा गमावण्याचीच शक्यता अधिक.

हे काही कागदावरचंच गणित नाही. साखळीत पहिल्या आलेल्या संघाला १९८६ पासून प्रेसिडेंट्स करंडक देतात. २०२५ पर्यंत तो ३९ वेळा दिला गेला. त्यांतल्या आठच संघांनी त्याच वर्षी चषकही जिंकला. शेवटचा शिकागो, २०१३ साली. त्यानंतरच्या बारा मोसमांत एकही नाही.

याचं कारण खेळाच्या बांधणीतच आहे. एका सामन्यात एका बाजूचे गोल साधारण तीनच होतात. पक कुणाच्या बुटाला लागून वळली की सामना फिरला. शिवाय खेळाडूंच्या पगारावर सगळ्या संघांना सारखी मर्यादा आहे, त्यामुळे श्रीमंत संघाला सगळेच हिरे पदरात पाडून घेता येत नाहीत. पहिल्या आणि सोळाव्या संघातलं अंतर गुणतक्त्यात दिसतं तेवढं बर्फावर नसतं.

पहिल्या फेरीत बोस्टनसमोर आला फ्लोरिडा पँथर्स. गुण ९२, पूर्व विभागातली शेवटची जागा त्यांना एका गुणानं मिळालेली. साखळीच्या अगदी शेवटच्या सामन्यात, जेव्हा मिळवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा बर्जरॉन जायबंदी झाला आणि पहिले चार सामने मुकला. तरी बोस्टन ३-१ असं पुढे गेलं. पाचवा सामना घरच्या बर्फावर. बरोबरी ३-३, शेवटचे काही क्षण. बोस्टनचा ब्रॅड मार्शांड पक घेऊन एकटा सुटला. समोर फक्त गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्स्की. गोल झाला असता तर मालिका तिथेच संपली असती. बोब्रोव्स्कीनं अडवला. जादा वेळेत पहिला गोल करणारा जिंकतो. तो फ्लोरिडानं केला. सहावा सामना फ्लोरिडाचा, ७-५.

सातव्यात, ३० एप्रिल २०२३ ला, बोस्टन ३-२ असं पुढे. एक मिनिट उरलं असताना ब्रँडन मॉन्टूरनं बरोबरी केली आणि जादा वेळेत कार्टर वरहेगीनं शेवट केला. अख्ख्या साखळीत घरच्या ४१ सामन्यांपैकी बोस्टन फक्त सात हरलं होतं. या एका मालिकेत घरच्या चारांपैकी तीन हरलं.

मग शिव्याशाप सुरू झाले. दडपणाखाली कोसळले, छाती नव्हती, वगैरे. मला ते पटत नाही. एक चूक मात्र मी पदरात घालीन. मोसमभर उलमार्क आणि जेरेमी स्वेमन हे दोन गोलरक्षक आळीपाळीनं खेळले होते. बाद फेरीत ही पद्धत मोडून सहाही सामने उलमार्कला उभा केला. त्याचे अडवलेले फटके शंभरात नव्वदच्याही खाली आले, आणि सातव्याला अचानक स्वेमन. सहा महिने पोसलेली सवय ऐन वेळी सोडायला नको होती.

अंदाज चुकला म्हणून वर्तमानपत्राचं काही बिघडत नाही. संघाचं बिघडतं. तिकडे दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंची निवड पाळीपाळीनं होते आणि आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्याबदली तयार खेळाडू घेता येतो. बोस्टननं त्या वर्षी दिमित्री ऑर्लोव्ह, गार्नेट हॅथवे आणि टायलर बर्टुझी हे तिघे आणले. त्यांच्यासाठी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतली पाळी देऊन टाकली. उद्याचं बियाणं आजच्या सणाला काढलं म्हणा. चारांत एका संधीसाठी हे करावं का? मी म्हणेन, करावं. सदतिशीचा कर्णधार पुढच्या वर्षी नसणार हे दिसत होतं, आणि चारांत एक ही या खेळातली मोठीच संधी आहे. पण ती चारांत एक आहे हे ओळखून करावं, चषक कपाटात आलाच असं समजून नव्हे.

त्या उन्हाळ्यात बर्जरॉन आणि क्रेची दोघंही निवृत्त झाले. फ्लोरिडा त्या वर्षी अंतिम फेरीत लास व्हेगासकडून हरलं, पण २०२४ साली त्यांनी चषक नेला. बोस्टन २०२४-२५ च्या मोसमात आपल्या गटात तळाला गेलं आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी आपल्या नव्या कर्णधाराला दुसऱ्या संघाच्या हवाली केलं. हा कर्णधार म्हणजे तोच ब्रॅड मार्शांड, आणि तो संघ फ्लोरिडा. तीन महिन्यांनी फ्लोरिडानं पुन्हा चषक जिंकला. मार्शांडनं तो डोक्यावर उचलला, तेव्हा त्याच बर्फावर, त्याच रंगाच्या जर्सीत, बोब्रोव्स्की होता.