लेखांक 7 : सातबाऱ्यावरचा कंस

सिलेक्ट आणि जॉइन आता हाताला बसले असतील. एसक्यूएलच्या आज्ञा सरावाने येतातच. खरा कस लागतो तो टेबल आखताना, कारण दहा वर्षांनी त्यात काय येऊन पडेल ते आज कुणालाच ठाऊक नसतं. आज उदाहरण घेऊ कर्जत-खालापुरातल्या जमिनीचं.

नवशिका बहुधा एकच टेबल करतो : सर्व्हे नंबर, हिस्सा, गाव, तालुका, मालक एक, मालक दोन, मालक तीन. खातेदार वारला, पाच वारसांची नावं लागली, की टेबल तिथेच अडतं. जमीन विकली गेली तर आणखी वाईट. अपडेट चालवून नाव बदललं, की आधीचा मालक कोण हे सांगणारं काहीच उरत नाही. कडाव-कशेळ्याकडे फार्महाऊससाठी जमिनी हात बदलत असताना असं टेबल म्हणजे भांडणाला आमंत्रण.

महसूल खात्याने हा प्रश्न कागदावर केव्हाच सोडवलाय. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याच्या कितीतरी आधी. गाव नमुना सात सांगतो, जमीन कोणाच्या नावावर आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते की काय बदललं आणि कशामुळे. सातवरचं जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात (संगणकाच्या नव्या नमुन्यात आडवी रेघ मारतात), नवं नाव चढवतात आणि शेजारी फेरफार क्रमांक घालतात. ही आखणी मला फार मोलाची वाटते.

तीच टेबलात उतरवू. जमीन, खातेदार आणि फेरफार यांची तीन टेबलं, आणि त्यांना जोडणारं चौथं, धारणा : जमीन_क्र, खातेदार_क्र, फेरफार_क्र, पासून, पर्यंत. ‘पर्यंत’ नल असेल तर नाव चालू आहे. कंस करायचा म्हणजे तिथे तारीख भरायची. वारस पाच असोत की पंधरा, वाढतात त्या ओळी. रकाने तेवढेच राहतात. 1 जून 2012 ला जमीन कोणाची होती?

सिलेक्ट खातेदार_क्र फ्रॉम धारणा
व्हेअर जमीन_क्र = 118
अँड पासून <= '2012-06-01'
अँड (पर्यंत > '2012-06-01' ऑर पर्यंत इज नल);

आता जरा थांबा. समजा खातेदार 2009 मध्ये वारला आणि वारस नोंद 2016 मध्ये मंजूर झाली. मग 2012 मध्ये मालक कोण? हक्क वारसांचा, कारण तो मृत्यूच्या दिवशीच येतो. पण 2012 मध्ये काढलेल्या उताऱ्यावर नाव मयताचंच. दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि कोर्टात दोन्ही विचारली जातात. म्हणून धारणेत आणखी दोन रकाने हवेत : नोंद_पासून, नोंद_पर्यंत. 2016 मध्ये मयताच्या जुन्या ओळीचं ‘पर्यंत’ नलच ठेवायचं, फक्त ‘नोंद_पर्यंत’ भरायचं. मग ‘पर्यंत’मध्ये 2009 ची तारीख असलेली दुरुस्त ओळ नव्याने घालायची आणि तिच्याबरोबर वारसांच्या ओळी. घटनेचा काळ आणि नोंदीचा काळ असा वेगळा सांभाळण्याची सोय एसक्यूएलच्या प्रमाणातच 2011 पासून आहे. फेरफारालाही अवस्थेचा रकाना द्या : नोंदवला, नोटीस निघाली, हरकत आली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला. प्रमाणित होईपर्यंत धारणेला हात लावायचा नाही.

गाव-तालुक्याचं नाव किल्ली म्हणून कधीही वापरू नका. कर्जत 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात आलं; कुलाब्याचं 1981 मध्ये रायगड झालं. खालापूर पूर्वी कर्जत तालुक्याचा पेटा होता. दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, आणि त्या जिल्ह्याचंही नाव नुकतंच बदललं. नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी कोड छापतात तो यासाठीच. जोडणी कोडने करा. नावांना आणि तालुका-जिल्ह्याच्या नात्यालाही ‘पासून-पर्यंत’ द्या.

या आठवड्याचा गृहपाठ : एका हिस्स्याचे तीन पोटहिस्से पडले. जुना क्रमांक बंद, तीन नवे सुरू. कोणता तुकडा कशातून निघाला, हे कोणत्या टेबलात ठेवाल? पुढच्या वर्षी त्यातले दोन पुन्हा एकत्र झाले तरी चाललं पाहिजे, एवढं पाहून आखा.