मागे मागे सरकणारा धबधबा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की गाडी मांजरसुंब्याचा घाट चढते. बहुतेकांसाठी मांजरसुंबा म्हणजे चहाला थांबायचा चौक. पण या चौकाच्या आसपास बालाघाटाचं पठार चक्क दऱ्यांनी चिरलेलं आहे! वेरूळ-अजिंठ्याला सारं जग लोटतं. इथल्या चौकाजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेची मोठी यात्रा भरते खरी, पण तिथली दरी पाहायला म्हणून किती जण जातात?

पावसाची एवढी ओढ असलेल्या मुलखात इतक्या खोल दऱ्या कोरल्या कुणी?

कड्याकडे नीट पाहा. खडक एकसंध नाही, थरांवर थर चढलेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनचे बहुतेक थर वाळूचे, गाळाचे, समुद्रात साचलेल्या चुन्याचे. आपले थर आगीतून आलेले!

आणि प्रत्येक थराचा स्वभाव दुहेरी. तव्यावरच्या धिरड्याला वरून जाळी पडते ना? तसेच लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि थराचा माथा सच्छिद्र झाला. मधला भाग मात्र घट्ट, काळा पाषाण. जाळीदार दगड हातात घेऊन पाहा. कित्येक भोकांत पांढरे स्फटिक बसलेले दिसतील. बुडबुडा विरून गेला, पण त्याच्या जागेत नंतर झिरपलेल्या पाण्याने हळूहळू स्फटिक घडवले.

हाच कच्चा माथा दरीचं गुपित आहे. धबधबा घट्ट थरावरून कोसळतो आणि त्याखालचा ठिसूळ थर आतून पोखरतो. वरचा पाषाण अधांतरी राहतो, एक दिवस तुटून पडतो, आणि धबधबा थोडा मागे सरकतो. पुन्हा पोखरणं, पुन्हा तुटणं. म्हणजे दरी ही धबधब्याने मागे टाकलेली वाट! पाटोद्याकडून जामखेडला जाताना सौताड्याला थांबा. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली झेपावते. पायऱ्या उतरून रामेश्वराच्या देवळापाशी पोचलात, की दोन्ही बाजूंचे कडे वाचता येतात. पावसाळ्यातच जा, उन्हाळ्यात धार आटते. वर्षातले मोजके दिवस वाहणारं पाणी एवढं करून जातं, हे मला अजून नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल पठाराच्या माथ्यावर आहे. याच पाटोदा तालुक्यात पडलेल्या तीन थेंबांचं काय होतं पाहा. एक बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला मिळतो. दुसरा मांजरेत पडतो. ती लातूर, बीदर करत तेलंगणात शिरते, उत्तरेला वळते आणि ७२४ किलोमीटरच्या प्रवासानंतर कंदकुर्तीला गोदावरीला भेटते. वाटेत धरणांनी अडवलं नाही, तर हे दोघे तिथे एकाच पात्रात येतात. तिसरा विंचरणेतून सीना, भीमा, कृष्णा असा जातो. त्याची आणि त्या दोघांची गाठ पडणार ती थेट बंगालच्या उपसागरात.