वेष्टण किती जाड? तंतू ठरवतो!

सहा महिन्यांचं बाळ मुरमुरे मुठीत कोंबतं. वर्षाचं झालं की एकेक चिमटीत धरतं. मधल्या काळात मज्जातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण चढत असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. त्यामुळे संदेश वेगाने धावतो. गंमत म्हणजे हातापायांतल्या नसांत वेष्टणाची जाडी तंतूच ठरवतो. तो अंगावर न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन बाळगतो; शेजारची ‘श्वान’ (Schwann) नावाची पेशी ते आपल्या ग्राहक-रेणूने (receptor) ओळखते आणि तंतूला वेढे घालते. प्रथिन जास्त, वेढे जास्त. कुष्ठरोगाचा जंतू याच ग्राहक-रेणूला चिकटून वेष्टण उसवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. अमरावतीला १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्वचेवरचा एखादा चट्टा बधिर वाटला तर तो कुष्ठरोग असू शकतो; लगेच सरकारी दवाखाना गाठा. औषध मोफत मिळतं.