खिडकी काचेची, पण अक्षरं दिसतायत का?

नवा लॅपटॉप हातात आला की आधी वॉलपेपर बदलतो आणि मग तो दिसत राहावा म्हणून टास्कबार, मेन्यू, टर्मिनल असं सगळं काचेसारखं करायच्या मागे लागतो. स्क्रीनशॉट भारी येतो, वादच नाही. पण त्याच स्क्रीनवर चाळीस पानांचा रिपोर्ट वाचायचा असतो, त्याचं काय?

काचेचं हे वेड जुनंच आहे. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये मेन्यू अर्धपारदर्शक होते. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने ‘एरो’ आणलं आणि खिडक्यांच्या कडा काचेच्या झाल्या. २०१२ च्या विंडोज एटमध्ये ती काच गेली, विंडोज टेनमध्ये नव्या रूपात परतली. २०२५ मध्ये ॲपलचं ‘लिक्विड ग्लास’ आलं तेव्हा ‘दिसतं छान, पण वाचता येत नाही’ अशी ओरड झाली. वर्ष संपायच्या आत काच थोडी गडद करण्याचा पर्याय कंपनीने दिला.

गणित काय आहे?

कॉम्प्युटर पुढच्या खिडकीचा आणि मागच्या चित्राचा रंग ठरलेल्या प्रमाणात मिसळतो. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की दोन्हींच्या उजेडातलं प्रमाण २१ ला १ असतं. आता खिडकी ५० टक्के पारदर्शक करा आणि मागे पांढरं पान ठेवा. काळं अक्षर राखाडी होतं आणि प्रमाण ४ ला १ च्या आसपास घसरतं. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात म्हणून ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ सांगितलंय. म्हणजे आपण थेट नापास! ज्यांना कमी दिसतं, त्यांच्यासाठी तर ही खिडकी बंद असल्यासारखीच. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी काचेमागचं चित्र मुद्दाम धूसर केलेलं असतं.

करून बघा

• विंडोज ११ : सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स, तिथे ‘ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स’. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू झाला की हे आपोआप बंद होतं.

• विंडोज टर्मिनल : कंट्रोल आणि शिफ्ट दाबून माउसचं चाक फिरवा, पारदर्शकता हवी तेवढी.

• मॅक : सिस्टिम सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले, तिथे ‘रिड्यूस ट्रान्स्परन्सी’.

• लिनक्सवर केडीई वापरत असाल, तर प्रत्येक ॲपसाठी वेगळा नियम लावता येतो.

सेटिंग जमलं की नाही, हे वॉलपेपरवर बघू नका. खिडकीमागे एकदा कोरं पांढरं पान ठेवा, एकदा गर्दीचा फोटो ठेवा आणि दोन्ही वेळा पाच मिनिटं वाचा. डोळे बारीक करावे लागले, तर काच जास्त झाली. गाणी, घड्याळ, चॅट यांच्या खिडक्या खुशाल काचेच्या ठेवा. नोट्स आणि कोडची खिडकी मात्र ठाम हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्याकडेच तर बघत बसायचंय!