पाणी आणणाऱ्याचा हक्क : प्राचीन इराण ते मुळशी

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इराणी साम्राज्यातली एक हकिकत लिहून ठेवली आहे. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये सपाट प्रदेश, आणि डोंगरांतल्या पाच खिंडींतून बाहेर पडणारी एक नदी. तिच्या पाण्यावर पाच जमातींची शेती चाले. सम्राटाने पाचही खिंडी अडवून दरवाजे बसवले आणि आतल्या सपाटीचा समुद्र झाला. उन्हाळ्यात भरड धान्य आणि तीळ करपायला लागले, तेव्हा लोक बायकांना घेऊन राजवाड्याच्या दारात आले आणि त्यांनी आक्रोश मांडला. ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्यांच्याकडचा दरवाजा राजाने आधी उघडायला लावला. त्यांची जमीन भिजली की पुढच्यांचा. मात्र नेहमीच्या कराखेरीज या पाण्याचे भरपूर पैसेही तो घेई.

हे धरण नेमके कुठे होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण डोंगरांनी वेढलेले खोरे, अडवलेली नदी आणि सत्तेच्या दाराशी गेलेली माणसे हे चित्र पुणे जिल्ह्यातल्या मुळशीकरांना समजावून सांगावे लागत नाही.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून मुंबईसाठी वीज करायची, ही टाटा कंपनीची योजना. पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. जमीन घेण्यासाठी 1894 चा भूसंपादन कायदा वापरला गेला. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. बायकाही त्यात उतरल्या. पण बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, आणि सावकारांना भरपाईची रक्कम हवी होती. कसणारा आणि कागदावरचा मालक यांचे हित इथे वेगळे झाले. लढा 1924 पर्यंत चालला. धरण मात्र झालेच.

टाटा घराणे पारशी. सातव्या शतकात सासानी साम्राज्य कोसळल्यानंतर इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरलेल्या जरथुष्ट्री लोकांचे हे वंशज. पण म्हणून मुळशीचा दोष कुणी पारशी परंपरेवर टाकू नये. ज्या कायद्याने गावे गेली तो इंग्रजांचा होता. उलट त्या परंपरेत पाण्याविषयी जे सापडते, ते मुळशीच्या बाजूने बोलणारे आहे.

प्राचीन इराणी लोक नदीत थुंकत नसत, लघवी करत नसत, हातही धूत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत, असे हिरोडोटस सांगतो. पाण्याबद्दलचा हा आदर आजही टिकून आहे. मुंबईत चर्चगेटजवळ 1725 मध्ये भिखा बेहराम यांनी खोदलेल्या विहिरीवर पारशी अजून प्रार्थनेला जातात. पुण्यात येईपर्यंत मुळेचे जे होते ते पाहिले, की त्या जुन्या निर्बंधांची किंमत कळते.

कायदा त्याहून बोलका आहे. कोरड्या जमिनीवर जो झऱ्याचे पाणी आणील, त्याने ती जमीन पाच पिढ्या कसावी, अशी सवलत इराणी राजांनी दिली होती, असे पॉलिबियस हा दुसरा ग्रीक इतिहासकार नोंदवतो. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून डोंगराच्या पोटातून मैलोन्‌मैल भुयारी कालवे खोदले. जमिनीखालून पाणी आणण्याची हीच विद्या सतराव्या शतकात मलिक अंबरच्या नहरीतून औरंगाबादला पोचली. घाम गाळणाऱ्याचा हक्क राजाने मान्य केला, म्हणून वाळवंटात गावे वसली.

इराणच्या डरायस राजाने (इ.स.पू. 522 ते 486) आपल्या थडग्यावर कोरून घेतले आहे की बलवानाने दुबळ्यावर अन्याय करावा किंवा दुबळ्याने बलवानावर, यातले काहीच त्याला मान्य नाही. या राजांची सत्ता कठोर होती. लाच घेणाऱ्या न्यायाधीशाची कातडी सोलून ती त्याच्या आसनावर ताणल्याची कथा डरायसच्या आधीच्या राजाची, कंबुजियाची. तरीही न्याय ही राजाने जाहीरपणे पत्करायची जबाबदारी आहे, ही समज त्या शिलालेखात स्पष्ट आहे.

पुढच्या सासानी काळच्या कायद्याचा एक मोठा ग्रंथ उरला आहे, ‘हजार निवाड्यांचा ग्रंथ’. विवाह, वारसा, जामीन, गुलाम आणि धर्मादाय निधी यांचे खटले त्यात आहेत. मूळ रक्कम शाबूत ठेवून उत्पन्न सत्कार्याला लावायची, ही निधीची रीत त्यात दिसते. याचे एकच अपुरे हस्तलिखित जगात सापडले आणि ते पारशी संग्राहकांमुळे वाचले. माणेकजी लिमजी हातरिया यांच्या संग्रहातली 55 पाने 1901 मध्ये जीवनजी जमशेदजी मोदी यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली ती पुण्यात. उरलेली 20 पाने तहमुरस दिनशा अंकलेसरिया यांच्याकडे होती. तीही पुढे मुंबईत छापली. सोहराब जमशेदजी बलसारा यांचे इंग्रजी भाषांतर 1937 चे. म्हणजे मुळशीचा सत्याग्रह पेटला, त्याआधी वीस वर्षे इराणचा हा प्राचीन कायदा शेजारच्या शहरात छापून तयार होता. इतक्या मोलाचा ग्रंथ अजून मराठीत यायला हवा.

आता पुन्हा मुळशीकडे. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे धरणात अडवलेले पाणी 1927 पासून बोगद्याने पश्चिमेला वळते, रायगड जिल्ह्यात भिऱ्याला वीज करते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते. या पाण्याच्या वाटपाचा जेव्हा जेव्हा फेरविचार होईल, तेव्हा पहिला वाटा धरणाच्या काठावरच्या वाड्यावस्त्यांना मिळायला हवा, आणि तो उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून कागदावर लिहिला जायला हवा.